नानीची हौलदिली आणि खोतानचा डोंगर

आमच्या घरी पत्र्याची एक जुनी पेटी आहे. तिच्यात नानीचा निकाहनामा, नानांचा गिरणीचा पास, चांदीची एक तुटकी साखळी आणि मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली दगडाची एक पट्टी आहे. पट्टी पिंपळाच्या पानाच्या आकाराची, पाच सेंटीमीटर लांब, रंगाने फिकट हिरवी. उजेडात धरली की कडेने थोडी पारदर्शक दिसते. वर दोरा ओवायला एक भोक आहे आणि दोन्ही बाजूंना बारीक अक्षरांत आयतुल कुर्सी कोरलेली आहे.

नानी तिला ‘हौलदिली’ म्हणायची. हौल म्हणजे धास्ती आणि दिल म्हणजे हृदय. छातीत धडधडू लागले की ही पट्टी छातीवर धरायची, अशी जुन्या घरांतली रीत होती. दगड यशबाचा आहे, असे नानी अभिमानाने सांगायची. यशब म्हणजेच इंग्रजीतला जेड.

ही पट्टी घरात कशी आली, याचीही गोष्ट होती. मुंबई हे तेव्हा हजचे मोठे बंदर होते. यारकंद, काशगर, बुखारा अशा दूरदूरच्या मुलखांतले हाजीही जहाज धरायला इथे येत. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात आणि आसपासच्या सरायांत ते मुक्काम करत आणि वाटखर्चासाठी बरोबर आणलेले गालिचे, रेशीम, खडे विकत. नानीच्या वडिलांनी अशाच एका ‘बुखारी’ हाजीकडून ही पट्टी घेतली, असे घरात सांगितले जाई.

१९९३ च्या पावसाळ्यातली एक रात्र आम्हा भावंडांना विसरता येत नाही. आम्ही तेव्हा शाळकरी होतो, लालबागच्या चाळीत राहत होतो. रात्री दोनच्या सुमारास नानीला घाम फुटला, छाती जड झाली, जीव घाबरा झाला. तिने हौलदिली मागितली. ती छातीशी धरून ती पहाटेपर्यंत पडून राहिली. “आता बरं वाटतंय” असे मधूनमधून म्हणत राहिली आणि मोठ्यांनाही वाटले, सकाळी बघू. सकाळी परळच्या रुग्णालयात नेले तेव्हा डॉक्टरांनी एवढेच विचारले, “रात्रीच का नाही आणलंत?” नानी वाचली, पण हृदय कमजोर झाले. अकरा महिन्यांनी ती गेली.

गेल्या वर्षी तसाच प्रसंग अम्मीवर आला. रात्रीची वेळ, घाम, छातीत दाब. अम्मी म्हणाली, “पेटीतली हौलदिली काढा.” आम्ही पट्टी तिच्या हातात दिली आणि त्याच मिनिटाला खाली टॅक्सी थांबवली. अर्ध्या तासात ती रुग्णालयात होती. अँजिओप्लास्टी झाली. अल्हम्दुलिल्लाह, आज ती स्वतः भाजी आणायला बाजारात जाते.

मग बिलाचा प्रश्न उभा राहिला. मामेभाऊ म्हणाला, “एवढा जुना जेड, वर कुरआनची आयत. लाखांत जाईल. विकून टाका.” अम्मी गप्प बसली. तिच्या मनात विकायचे नव्हते, पण मुलांवर बोजाही नको होता. आम्ही ठरवले, की विकायचे की ठेवायचे हा पुढचा प्रश्न. आधी हा दगड आहे तरी काय, कुठून येतो, त्याला एवढा मान का, हे जाणून घेऊ. त्या शोधात जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवत आहोत, कारण अशी एखादी पट्टी, अंगठी किंवा तावीज आपल्यापैकी अनेकांच्या पेटीत असेल.

दोन नद्या आणि एक डोंगर

यशबाचे नाव निघाले की जाणकार एकाच गावाचे नाव घेतात, ते म्हणजे खोतान. आजच्या चीनच्या शिंजियांग प्रांतात, तकलामकान वाळवंटाच्या दक्षिण कडेला हे जुने शहर आहे. त्याच्या पाठीशी कुनलुन पर्वताची बर्फाच्छादित रांग आहे. तिथून दोन नद्या उतरतात. एकीचे नाव युरुंगकाश आणि दुसरीचे काराकाश. तुर्की भाषेत ‘काश’ म्हणजे यशब. युरुंगकाश म्हणजे पांढऱ्या यशबाची नदी, काराकाश म्हणजे काळ्या यशबाची.

उन्हाळ्यात बर्फ वितळते, नद्यांना पूर येतो आणि डोंगरातून सुटलेले दगड पाण्याबरोबर गडगडत खाली येतात. ठिसूळ दगड वाटेतच फुटतात. जो टिकतो तो घोटून गुळगुळीत होतो. शरद ऋतूत पाणी ओसरले की लोक नदीत उतरतात आणि गोट्यांमधून यशब शोधतात. पाण्यात अनवाणी चालत, तळपायांनी चाचपून दगड ओळखण्याची तिथली जुनी रीत होती.

या नद्यांविषयी एक हजार वर्षांपूर्वी लिहिणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे. त्याचे नाव अबू रैहान अल-बिरुनी. इ.स. ९७३ मध्ये जन्मलेला हा विद्वान हिंदुस्थानावरच्या ग्रंथामुळे आपल्याला ठाऊक असतो. उतारवयात त्याने रत्ने आणि खनिजे यांवर ‘किताब अल-जमाहिर’ हा ग्रंथ लिहिला. त्यात खोतानच्या या नद्यांची नोंद आहे. मोठे तुकडे राजाचे आणि लहान तुकडे रयतेचे, असा तिथला नियम त्याने सांगितला आहे. तुर्क लोक यशबाला विजयाचा दगड मानतात आणि तलवारी, खोगिरे, कमरपट्टे यांना तो जडवतात, हेही त्याने नोंदवले आहे. बिरुनीची एक गोष्ट पुढे आमच्या फार कामी आली. ती योग्य जागी सांगू.

वीस दिवसांच्या वाटेवरची खाण

नदीतला दगड उत्तम, पण थोडा. जास्त हवा असेल तर डोंगर फोडावा लागे. याचे वर्णन सतराव्या शतकातल्या एका प्रवाशाकडून मिळते. बेंतो द गोइश नावाचा पोर्तुगीज धर्मबंधू मुघल दरबारातून चीनकडे जमिनीच्या वाटेने निघाला. १६०३ मध्ये तो लाहोरहून काफिल्याबरोबर गेला, अब्दुल्ला हे नाव आणि आर्मेनियन व्यापाऱ्याचा वेष घेऊन. काबूलवरून तो यारकंदला पोहोचला. तिथे त्याला कळले, की चीनकडे जाणाऱ्या काफिल्यांचा सर्वांत मोलाचा माल म्हणजे यशब.

त्याच्या टिपणांतून दोन प्रकार समजतात. एक, नदीत बुडी मारून काढलेला, मोत्यासारखा. दुसरा, डोंगरातून खणलेला. खाणीचा डोंगर वस्तीपासून वीस दिवसांच्या वाटेवर होता. राजा खाणीचा मक्ता व्यापाऱ्याला विकत असे. मजूर जाताना वर्षभराचे धान्य बरोबर नेत, कारण तिथे माणूस नाही, पीक नाही. खडक इतका चिवट, की आधी आगीने तापवून मग तो फोडावा लागे.

हे वाचताना आम्हाला पहिल्यांदा जाणवले, की राजवाड्यातल्या एका नाजूक प्याल्यामागे अशा मजुरांचे एक अख्खे वर्ष असायचे. त्यांची नावे कुठल्याही ग्रंथात नाहीत.

दगड एवढा चिवट का? यशब दोन प्रकारचा असतो, हे १८६३ मध्ये दामूर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले. ब्रह्मदेशातला तो जेडाइट आणि खोतानचा तो नेफ्राइट. नेफ्राइटमध्ये केसासारखे बारीक तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. लोकरीचा नमदा जसा ओढून फाटत नाही, तसा हा दगड घाव घालून सहजी फुटत नाही. पोलादाच्या साध्या सुरीने त्यावर ओरखडा उठत नाही. म्हणून यशब छिन्नीने कोरत नाहीत. फिरत्या चाकावर त्याहून कठीण दगडाची भुकटी आणि पाणी घालून तो घासत घासत झिजवतात. एक लहान वाटी करायलाही खूप महिने लागत.

मजेची गोष्ट अशी, की ‘जेड’ आणि ‘नेफ्राइट’ ही दोन्ही नावे आजारातून आली आहेत. ‘जेड’च्या मुळाशी ‘कुशीचा दगड’ असा स्पॅनिश शब्द आहे आणि ‘नेफ्राइट’च्या मुळाशी मूत्रपिंडाचा ग्रीक शब्द. युरोपात लोक हा दगड मूत्रपिंडाच्या दुखण्यावर कमरेला बांधत. आपल्याकडे तोच दगड हृदयासाठी छातीवर बांधला गेला. दगड एकच. ज्याला जे दुखत होते, त्याने तिथे तो बांधला.

तैमूरच्या कबरीपासून मुंबईच्या म्युझियमपर्यंत

समरकंदच्या गूर-ए-अमीरमध्ये तैमूरच्या कबरीवर गडद हिरव्या, काळसर यशबाची मोठी शिळा आहे. ती त्याचा नातू उलुग बेग याने बसवली. उलुग बेगच्या नावाचा यशबाचा एक जग पुढे हिंदुस्थानात मुघलांकडे आला. त्यावर जहांगीरने आणि नंतर शाहजहानने आपली नावे कोरून घेतली. म्हणजे आजोबांची वस्तू नातवंडांनी जपावी तशी मुघलांनी ती जपली. आज तो जग पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात आहे.

मुघल कारागिरांनी यशबाला नवे रूप दिले. फुलापानांचे आकार, पोपट आणि घोड्याच्या डोक्याच्या खंजिरांच्या मुठी, कुंदन पद्धतीने शुद्ध सोन्यात बसवलेले माणिक, हे सारे इथे घडले. शाहजहानचा १६५७ चा पांढऱ्या यशबाचा प्याला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. एका बाजूने तो भोपळ्यासारखा आणि दुसऱ्या बाजूने निमुळता होत रानबोकडाच्या डोक्यात संपणारा आहे. तो मद्यासाठी होता, हे लपवण्यात अर्थ नाही. बादशहा चुकतो, कारागिराचा हात चुकत नाही. त्या हाताला दाद द्यायलाच हवी. एकोणिसाव्या शतकात हा प्याला कर्नल गथ्री नावाच्या बंगाल फौजेतल्या इंजिनिअरच्या संग्रहात गेला होता. अलाहाबादला १८०३ मध्ये खोदकामात सापडलेले यशबाचे भलेमोठे कासव ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आणि चीनचा बादशहा चिएनलुंग हिंदुस्थानी यशबाच्या इतका प्रेमात होता, की त्याने त्यावर कविता लिहिल्या. कुनलुनचा दगड हिंदुस्थानात घडून पुन्हा चीनकडे मौल्यवान वस्तू म्हणून परत गेला.

सुदैवाने सगळेच बाहेर गेले नाही. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात यशबाचे स्वतंत्र दालन आहे. तिथे सुलतान अल्तमशच्या नावाची यशबाची रेहल आहे, तसेच जहांगीरचा खंजीर आणि नूरजहाँची फळे कापायची सुरीही आहे. कुरआन ठेवायची रेहल यशबाची, हे चित्रच मनात ठसते.

आणि आपल्या मुंबईत? काळा घोड्याजवळच्या म्युझियममध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, मुघल काळातल्या यशबाच्या वस्तू आहेत. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांनी जमवलेला संग्रहही याच म्युझियमला मिळाला आहे. त्यात पूर्व आशियातली कलाकुसर आहे. आम्ही मुलांना घेऊन गेलो, तेव्हा एका मुलीने विचारले, “हे सगळं बाहेरून आलेलं, मग इथलं काय?” आम्ही तिला भिंतीकडे बघायला सांगितले. या इमारतीचा पाया ११ नोव्हेंबर १९०५ रोजी घातला गेला आणि १० जानेवारी १९२२ रोजी म्युझियम लोकांसाठी उघडले. इमारत उभी आहे ती कुर्ल्याच्या काळ्या आणि मालाडच्या पिवळसर दगडात. घर इथल्या दगडाचे आणि त्यात जपलेला पाहुणा खोतानचा. मुंबईची रीतच अशी आहे.

ओसाड पडलेली खुराडी

खोतानच्या डोंगरातल्या खाणींचे पुढे काय झाले? लेहहून यारकंदला जाणाऱ्या काफिल्यांच्या वाटेवर, काराकोरमच्या पलीकडे, काराकाश नदीच्या वरच्या खोऱ्यात शाहिदुल्ला नावाचा मुक्काम आहे. त्याच्या जवळपास यशबाच्या खाणी होत्या. १८५६ मध्ये श्लागिंटवाइट हे जर्मन बंधू तिकडे जाऊन आले. त्यानंतर फर्डिनांड स्टोलिच्का गेला. भारताच्या भूगर्भशास्त्रीय सर्वेक्षणातला हा तरुण शास्त्रज्ञ १८७३ मध्ये काशगरच्या याकूब बेगकडे जाणाऱ्या सरकारी शिष्टमंडळाबरोबर निघाला होता.

त्याने लिहिले, की लांबून पाहिले तर डोंगराचा उतार कबुतरांच्या खुराड्यांसारखा दिसतो. लहानमोठी मिळून निदान १२० भगदाडे. बहुतेक दहा ते वीस फूट उंच-रुंद आणि फार तर वीस-तीस फूट खोल. प्रत्येकाच्या तोंडाशी दगडाच्या कपच्यांचा ढीग. लांबलचक बोगदे नाहीत, मोठी यंत्रे नाहीत. माणसे उतारावर जागा धरून नुसती खणत राहिली होती. आणि १८६४ मध्ये यारकंदहून चिनी सत्ता उखडली गेली तेव्हापासून तिथे कोणीच नव्हते. ग्राहक गेला, खाण ओस पडली.

परतीच्या वाटेवर, १९ जून १८७४ रोजी, लडाखमधल्या मुर्गो इथे स्टोलिच्काचा मृत्यू झाला. तो जेमतेम छत्तीस वर्षांचा होता. लेहमध्ये त्याचे स्मारक आहे. उंचावरच्या विरळ हवेने त्याचा जीव घेतला. ज्या डोंगराचा दगड लोक छातीच्या दुखण्यावर बांधत होते, त्याच डोंगरांत त्याचा श्वास संपला. आम्हाला ही गोष्ट फार बोलकी वाटते.

शाळेच्या प्रयोगशाळेत

एवढे समजल्यावर आमच्या पट्टीकडे वळलो. इथे बिरुनी कामी आला. त्याने रत्ने आणि धातू ओळखण्यासाठी एक भांडे बनवले होते. वर निमुळते, बाजूला तोटी असलेले. भांडे काठोकाठ भरायचे, खडा आत सोडायचा आणि तोटीतून सांडलेले पाणी तोलायचे. खड्याचे वजन भागिले पाण्याचे वजन, म्हणजे त्याची घनता. रंग फसवतो, चकाकी फसवते, घनता सहसा फसवत नाही. हजार वर्षांपूर्वी एका मुसलमान शास्त्रज्ञाने दगडाला विचारायचा प्रश्न शोधून ठेवला होता. आम्ही तोच विचारला.

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी तराजू काढला. हवेत पट्टीचे वजन भरले २०.८ ग्रॅम. मग दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळत ठेवून तोलली, तेव्हा भरले १२.८ ग्रॅम. फरक ८ ग्रॅम. २०.८ भागिले ८, उत्तर २.६. नेफ्राइटची घनता साधारण २.९ ते ३.१ असते. याच आकाराची पट्टी खऱ्या यशबाची असती तर २३ ग्रॅमच्या वर भरली असती.

सर म्हणाले, “पुन्हा तोलू.” तीनदा तोलले. उत्तर तेच.

तरी मन मानेना. गिरगावात ऑपेरा हाऊसच्या बाजूला खड्यांचे जुने व्यापारी आहेत. त्यांतल्या एकांनी भिंग लावून पाहिले, कडेला सुईने हलकेच टोचून पाहिले. सुईची रेघ उठली. ते म्हणाले, “हा यशब नाही. सर्पेंटाइन आहे. बाजारात यालाच ‘न्यू जेड’ म्हणून विकतात. कोरीवकाम मात्र चांगल्या हाताचं आहे.”

सर्पेंटाइनचा एक अर्धपारदर्शक, फिकट हिरवा प्रकार अफगाणिस्तानातून येई. पंजाबातल्या भेरा गावात, जे आज पाकिस्तानात आहे, त्याच्या सुऱ्यांच्या आणि खंजिरांच्या मुठी घडत. तो विकला जाई ‘संगे-यश्म’ याच नावाने. आमची पट्टी भेऱ्याचीच असेल असे आम्ही म्हणत नाही, पण जात तीच. दगड मऊ, त्यामुळे त्यावर आयत कोरणेही सोपे. नानीच्या वडिलांना फसवले गेले का? बहुधा विकणाऱ्यालाही ठाऊक नसेल. नाव एकच होते, दगड दोन होते.

वाचकांसाठी इथे थोडी व्यवहाराची माहिती. आज बाजारात ‘इंडियन जेड’ म्हणून मिळतो तो बहुतेक अॅव्हेंच्युरिन, म्हणजे गारगोटीच्या जातीचा हिरवा दगड. ‘मलेशियन जेड’ म्हणजे बहुधा रंगवलेली गारगोटी. काही ठिकाणी तर साधी काच असते, भिंगातून पाहिले तर आत हवेचे बुडबुडे दिसतात. घरच्या घरी खड्यावर सुई मारून पाहू नका, खडा खराब होईल. मोठी किंमत देण्याआधी रत्नपरीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागा. वजन आणि दगडाचे शास्त्रीय नाव त्यावर लिहिलेले असले पाहिजे. नुसते ‘जेड’ एवढे लिहिले असेल तर नेफ्राइट की जेडाइट, हे विचारा.

खरा असता तर?

संध्याकाळी घरी सांगितले. मामेभाऊ हिरमुसला. “म्हणजे एवढी वर्षं खोटाच दगड होता!” अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणूनच माझ्या अम्मीला गुण आला नाही का रे?”

हा प्रश्न ऐकून आम्ही हादरलो. कारण आमची सगळी वजनेमापे या प्रश्नापुढे अपुरी होती. दगड अस्सल आहे की नक्कल, हा एक प्रश्न. दगडात गुण आहे का, हा दुसरा. आपण दोन्ही एकत्र करतो. नक्कल निघाला म्हणून गुण आला नाही, अस्सल असता तर आला असता, असे आपल्याला वाटते आणि मग आपण आणखी महागाचा दगड शोधायला निघतो. नानीच्या हातात त्या रात्री शाहजहानच्या खजिन्यातला यशब असता, तरी तिच्या हृदयाची बंद पडू लागलेली रक्तवाहिनी त्याने उघडली नसती. त्या रात्री तिला दगड कमी पडला नाही, वेळ कमी पडला.

हजरत उमर (रजि.) यांनी हजरे अस्वदचे चुंबन घेताना स्पष्ट सांगितले होते, की हा दगड आहे, नफा किंवा नुकसान त्याच्या हाती नाही आणि आपण चुंबन घेतो ते केवळ पैगंबर (स.) यांना तसे करताना पाहिले म्हणून. काबागृहातल्या दगडाबद्दल जिथे ही समज आहे, तिथे पेटीतल्या पट्टीची काय कथा? कुरआनची आयत लिहिलेला तावीज बाळगावा की नाही, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्यात पडण्याचा आमचा अधिकार नाही. पण आजारात इलाज करून घ्यावा, ही पैगंबरांचीच (स.) शिकवण आहे, यावर मतभेद नाही. आयतुल कुर्सी पढायला दगड लागत नाही. ती टॅक्सीत बसूनही पढता येते. अम्मी त्या रात्री तीच पढत होती.

युनानी औषधांत यशबाचा कुश्ता आजही वापरला जातो. हकीमसाहेबांचा इलाज ज्यांना घ्यायचा असेल त्यांनी जाणत्या, नोंदणीकृत हकिमाकडून घ्यावा आणि हृदयाची चालू औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मात्र पुढील लक्षणे दिसली तर दगड, कुश्ता, आले-लिंबू, गॅसची गोळी यांत वेळ घालवू नका. छातीत दाब किंवा जडपणा, तो डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत सरकणे, थंड घाम, धाप, मळमळ, एकाएकी आलेला गळाठा. बायकांमध्ये पुष्कळदा छातीत फारसे दुखत नाही, नुसती धाप, मळमळ आणि थकवा असतो. त्यामुळे घरातली माणसेच काय, त्या स्वतःही ते अंगावर काढतात. ‘सकाळी बघू’ हे वाक्य त्या रात्री उच्चारू नका. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ती येईस्तोवर खाली टॅक्सी मिळाली तर तीही चालेल.

पट्टी पुन्हा पेटीत

बिल शेवटी सगळ्या भावंडांनी वाटून घेतले. थोडे कर्ज झाले, फिटत आले आहे. पट्टी विकायचा प्रश्नच उरला नाही, तिला लाख सोडा, हजारही कोणी दिले नसते.

ती आम्ही पुन्हा मलमलच्या फडक्यात गुंडाळली. बरोबर एक कागद ठेवला. त्यावर लिहिले: दगड सर्पेंटाइन, वजन २०.८ ग्रॅम, घनता २.६, नानीच्या वडिलांनी मुंबईत हजच्या हंगामात घेतली असे घरात सांगत. खाली १९९३ ची रात्र आणि गेल्या वर्षीची रात्र, दोन्ही दोन-दोन ओळींत. पुढची पिढी पेटी उघडेल तेव्हा तिला दगडाबरोबर ही माहितीही मिळेल. म्युझियममध्ये प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी असते. घरच्या पेटीतल्या वस्तूंना ती का नसावी?

कुरआनमध्ये सूरह फातिरमध्ये डोंगरांतल्या पांढऱ्या, लाल आणि काळ्याभोर पट्ट्यांचा उल्लेख येतो. त्याच्या लगेच पुढे सांगितले आहे, की अल्लाहचे भय बाळगतात ते त्याचे ज्ञानी बंदे. डोंगराचे रंग आणि ज्ञान यांची नावे अशी शेजारी शेजारी येतात. आम्हाला त्यातून एवढेच समजले, की दगड पाहावा, तोलावा, त्याची कहाणी जाणून घ्यावी, त्याला घडवणाऱ्या हातांना सलाम करावा. मागणे मात्र त्याच्यापाशी करावे ज्याने डोंगर उभे केले.

अम्मीने कागद वाचून घेतला आणि पेटीचे झाकण लावले. म्हणाली, “आता हिला कोणी छातीवर धरणार नाही. पण फेकूही नका. अम्मीची आहे.”